अंगातली उलटी गंगा

अंतराळात गेलं की माणसाचं तोंड सुजतं, पाय बारीक होतात आणि हृदय चक्क गोलमटोल होतं! असं का होतं? आणि तिथे मजेत तरंगणारा धडधाकट माणूस जमिनीवर परतला की त्याला धड उभंही का राहवत नाही?

मुलांनो, पाणी वर चढताना तुम्ही कधी पाहिलंय का? पाणी नेहमी उताराकडे धावतं, हे आपल्याला पहिलीपासून ठाऊक असतं. पण मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याला लागलं, की वैशाखरे गावाजवळ नाणेघाटाची पायवाट फुटते. ऐन पावसाळ्यात या घाटाच्या माथ्यावर उभं राहिलं तर एक गंमत दिसते. कड्यावरून खाली झेपावणारं पाणी वाऱ्याच्या झोताने उलटं वर उडतं आणि पाहणाऱ्यांच्या अंगावर येतं. जणू धबधबा आल्या वाटेने माघारी निघालाय!

नाणेघाटात ही करामत वाऱ्याची असते. पृथ्वीची ओढ तिथेही असतेच, वारा तेवढ्यापुरता तिच्यावर मात करतो. वारा पडला की पाणी मुकाट्याने खाली. पण समजा, पृथ्वीची ही ओढ जाणवेनाशीच झाली तर? तर पाण्याला वर काय आणि खाली काय! आणि मग आपल्या अंगातून रात्रंदिवस खेळणाऱ्या रक्ताचं काय होईल?

हा प्रश्न गमतीचा वाटला तरी पोकळ नाही. अंतराळात गेलेल्या प्रत्येक माणसाच्या अंगात ही उलटी गंगा वाहिलेली आहे. आणि तिचा हिशेब त्याला जमिनीवर परतल्यावर चुकता करावा लागला आहे.

अंगातली नळयोजना

आधी आपल्या घरचीच गोष्ट पाहू. शहापूर तालुक्यातला तानसा तलाव तुम्हाला माहीत असेल. १८९२ साली बांधून पूर्ण झालेल्या या तलावाचं पाणी मोठमोठ्या नळांतून उतारा-उताराने मुंबईकडे जातं. खाली जाणाऱ्या पाण्याला ढकलावं लागत नाही. पण तेच पाणी चौथ्या मजल्यावरच्या टाकीत चढवायचं, तर पंप हवा.

आपल्या शरीरातही अशीच नळयोजना आहे. हृदय हा पंप. आकाराने ज्याच्या त्याच्या मुठीएवढा. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं आणि हृदय दर मिनिटाला तेवढंच, म्हणजे पाच लिटर, रक्त पुढे ढकलतं. दिवसाला एक लाखाच्या आसपास ठोके! रविवारची सुटी नाही, दिवाळीची नाही. हृदयातून निघून सर्व अंगाला रक्त पोचवणाऱ्या नळ्या म्हणजे रोहिणी आणि ते परत आणणाऱ्या नळ्या म्हणजे नीला.

आता आपण उभे असतो तेव्हा काय होतं बघा. पायांकडे जाणारं रक्त तानसाच्या पाण्यासारखं उताराने जातं. मेंदूकडे जाणारं मात्र चढ चढतं. त्यामुळे रक्ताचा दाब अंगभर सारखा नसतो. हृदयाजवळ तो सरासरी १०० असेल, तर पावलांशी २००च्या घरात आणि डोक्यात ७०च्या आसपास असतो. (हा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. डॉक्टरकाका दंडाला पट्टा बांधून मोजतात, तोच.)

खाली गेलेलं रक्त परत वर कसं येतं? त्यासाठी निसर्गाने दोन युक्त्या केल्या आहेत. पायांतल्या नीलांमध्ये जागोजागी छोट्या झडपा असतात. त्या रक्ताला वर जाऊ देतात, खाली घसरू देत नाहीत. आणि आपण चालतो तेव्हा पोटऱ्यांचे स्नायू या नीलांना पिळतात आणि रक्त वर सारतात. म्हणून पोटरीला दुसरं हृदय म्हणतात.

प्रार्थनेच्या रांगेत चक्कर का येते?

१५ ऑगस्टला झेंडावंदनाच्या वेळी एखादा मुलगा किंवा मुलगी धाडकन खाली पडलेली तुम्ही पाहिली असेल. सगळे म्हणतात, ‘सकाळी काही खाल्लं नसेल!’ ते कधी खरं असतं. पण बरेचदा कारण वेगळंच असतं. न हलता सावधान उभं राहिलं की पोटऱ्यांचा पंप बंद पडतो. अर्धा-पाऊण लिटर रक्त पायांत साठून राहतं, वर डोक्याकडे कमी पडतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. खाली पडलं की अंग आडवं होतं, चढ संपतो, मेंदूला रक्त मिळतं आणि काही सेकंदांत मूल डोळे उघडतं. अशा वेळी त्याला उठवून बसवण्याची घाई करू नका. आडवंच ठेवा आणि पाय थोडे उंच धरा.

भातलावणीच्या दिवसांतही हा अनुभव येतो. आपल्या मुरबाड-शहापूरकडे आषाढात बायामाणसं तासन् तास चिखलात वाकून रोपं खोचत असतात. मध्येच कंबर सरळ करायला एकदम उभं राहिलं, की क्षणभर गरगरतं. डोकं खाली होतं ते अचानक उंचावर गेलं आणि रक्ताला तिथवर पोचायला जरा वेळ लागला, एवढंच!

पण हे एक-दोन क्षणांत थांबतं ना? कारण मानेतल्या रोहिणीत आणि हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीत दाब ओळखणारे पहारेकरी बसलेले आहेत. डोक्याकडचा दाब घसरला की ते लगेच मेंदूला वर्दी देतात. मेंदू हुकूम सोडतो. हृदय भरभर धडधडू लागतं, पायांतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि रक्त वर येतं. आपण रोज कितीतरी वेळा उठतो-बसतो आणि दर वेळी ही धावपळ आपल्या नकळत पार पडते. लहानपणापासून शरीराला ती अंगवळणी पडलेली असते. पृथ्वीच्या ओढीशी हृदयाची ही जन्माची कुस्ती चालू असते म्हणा ना!

आणि एक दिवस समोरचा पहिलवानच आखाड्यातून निघून गेला तर?

पडतोय, पण पोचत नाही!

इथे एक गैरसमज आधी काढून टाकू. अंतराळात पृथ्वीची ओढ नसते असं पुष्कळांना वाटतं. पण आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक आपल्यापासून फक्त ४०० किलोमीटरवर फिरतं. तिथे पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के असते. मग माणसं तरंगतात कशी?

म्हसाच्या यात्रेतल्या आकाशपाळण्यात बसला असाल तर आठवा. पाळणा वरून झपकन खाली येतो तेव्हा पोटात गोळा येतो, अंग हलकं हलकं वाटतं. कारण तुम्ही आणि तुमची बैठक, दोघंही एकत्र खाली येत असता. अंतराळ स्थानकही असंच सतत पृथ्वीकडे पडत असतं. पण ताशी सुमारे २८ हजार किलोमीटरच्या वेगाने ते पुढेही जात असतं. त्यामुळे ते जेवढं पडतं तेवढी पृथ्वी खालून वळलेली असते. दीड तासात एक प्रदक्षिणा होते आणि पडणं काही संपत नाही! आतली माणसं, चमचे, पाण्याचे थेंब सगळे बरोबरच पडतात, म्हणून तरंगतात. हीच वजनरहित अवस्था.

आणि माणूस तरंगतो तसं त्याच्या अंगातलं रक्तही ‘बिनवजनाचं’ होतं. पायांकडे उतार नाही, डोक्याकडे चढ नाही. पावलांशी २०० आणि डोक्यात ७० हा सगळा भेद मिटतो आणि दाब अंगभर जवळपास सारखा होतो.

तोंड फुगलं, पाय बारीक

पण पायांतल्या झडपा आणि आवळणाऱ्या रक्तवाहिन्या आपलं काम इमानेइतबारे करतच राहतात. रक्त वर ढकलणं हीच त्यांची सवय! परिणाम असा, की पहिल्याच दिवशी पायांतलं रक्त आणि इतर द्रव मिळून जवळपास दोन लिटर ऐवज छाती-डोक्याकडे सरकतो. चेहरा सुजतो, डोळ्यांखाली फुगवटे येतात, नाक चोंदतं, सर्दी झाल्यासारखं वाटतं आणि जेवणाची चव कमी लागते. पाय मात्र काटकुळे दिसू लागतात. अंतराळवीर आपसांत त्यांना गमतीने ‘पाखराचे पाय’ म्हणतात.

छातीतले पहारेकरी हे पाहून गोंधळतात. त्यांना वाटतं, अंगात पाणी फार झालंय! मग शरीर काटकसर सुरू करतं. तहान कमी लागते. रक्तातला पातळ भाग, म्हणजे रक्तद्रव, काही दिवसांतच १० ते १५ टक्क्यांनी घटतो. तांबड्या पेशीही कमी होतात. एरवी आपल्या शरीरात दर सेकंदाला २० लाख तांबड्या पेशी मोडतात आणि तेवढ्याच नव्या तयार होतात. १४ अंतराळवीरांच्या तपासणीवरून २०२२ साली कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की अंतराळात हीच मोडतोड सेकंदाला ३० लाखांवर जाते.

गंमत म्हणजे तिथे याचा काही त्रास होत नाही. आठवडाभरात शरीर नव्या घरी रुळतं. कमी रक्तात छान भागतं. अडचण येते ती जुन्या घरी परतताना. पण ते पुढे पाहू.

स्वतःच्याच हृदयापर्यंत नळी

एवढं रक्त छातीकडे आलं म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या नीलेतला दाब वाढत असणार, असं सगळे डॉक्टर धरून चालले होते. पण नुसतं म्हणून भागत नाही, विज्ञानात मोजून पाहावं लागतं. मोजायचं कसं? त्यासाठी दंडाच्या नीलेतून बारीक नळी थेट हृदयाच्या तोंडाशी न्यावी लागते. अशी नळी अंगात ठेवून रॉकेटमध्ये कोण बसणार?

अमेरिकेतले एक हृदयरोगतज्ज्ञ पुढे आले. त्यांचं नाव ड्र्यू गॅफनी. ५ जून १९९१ रोजी ‘कोलंबिया’ यान उडालं, तेव्हा ते ही नळी अंगात घेऊनच आत बसले होते. यान आकाशात पोचलं आणि आकडे आले. पाहतात तो काय, दाब वाढण्याऐवजी चक्क उतरला होता! आणि तरीही हृदय आधीपेक्षा जास्त भरत होतं. म्हणजे पुन्हा उलटी गंगाच!

याचं कारण नंतर उलगडलं. जमिनीवर छातीचा पिंजरा आणि फुप्फुसं यांचं वजन हृदयाला चारी बाजूंनी दाबत असतं. वजन गेलं, छाती सैलावली, हृदयाला ऐसपैस जागा मिळाली आणि ते कमी दाबातही भरू लागलं. एका डॉक्टरने स्वतःच्या शरीराची प्रयोगशाळा केली नसती, तर चुकीचा अंदाजच पुस्तकात छापला गेला असता.

भारताची पावलं

आपला भारतही या शोधात मागे नव्हता. ३ एप्रिल १९८४ रोजी स्क्वाड्रन लीडर राकेश शर्मा सोव्हिएत रशियाच्या ‘सोयुझ टी-११’ यानातून निघाले आणि ‘साल्युत-७’ स्थानकावर पोचले. तिथे आधीपासून राहणाऱ्या तिघांपैकी ओलेग अत्कोव हे स्वतः हृदयरोगतज्ज्ञ होते! ते तिथे एकूण २३७ दिवस राहिले. या भारत-सोव्हिएत मोहिमेत हृदयाच्या विजेच्या स्पंदनांची नोंद घेण्यात आली. दर ठोक्यासरशी सगळ्या शरीराला बसणारा अगदी हलका हिसका मोजण्याचाही प्रयोग झाला. अशा हिसक्याने वजनकाट्यावर उभं राहिल्यावर काटा किंचित थरथरताना दिसतो. राकेश शर्मांनी तिथे योगासनं करून पाहिली. वजनरहित अवस्थेत शरीराला त्यांचा उपयोग होतो का, हे त्यांना तपासायचं होतं. जवळपास आठ दिवसांनी, ११ एप्रिलला, ते परतले.

राकेश शर्मा पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत शिकले. हवाई दलातून निवृत्त झाल्यावर १९९२ पर्यंत ते आपल्या नाशिकलाच, हिंदुस्थान एरोनॉटिक्स कंपनीत, विमानांची चाचणी घेणारे वैमानिक होते. म्हणजे शहापूरकरांनी कसारा घाट चढला की ते शेजारीच! पुढे २५ जून २०२५ रोजी शुभांशू शुक्ला अंतराळात गेले. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पोचलेले ते पहिले भारतीय. तेही खडकवासल्याचेच विद्यार्थी.

आणखी एक धागा आपल्या मुंबईत येतो. अंतराळवीराला न टोचता त्याचं हृदय किती रक्त ढकलतं हे मोजता यावं, म्हणून अमेरिकेत १९६०च्या दशकात ‘नासा’साठी एक पद्धत तयार झाली. छातीतून अगदी सौम्य, कळणारसुद्धा नाही असा विजेचा प्रवाह सोडायचा. रक्तातून वीज सहज जाते. म्हणून रक्त वाढलं-घटलं की विजेला होणारा विरोध बदलतो आणि त्यावरून रक्ताचा हिशेब लागतो. हे तत्त्व वापरून ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी उपकरणं बनवली आणि परळच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. जी. बी. परुळकरांसारख्या हृदयशल्यविशारदांच्या साथीने ती रुग्णांसाठी वापरात आणली. अंतराळासाठी केलेली युक्ती जमिनीवरच्या रुग्णांच्या कामी आली!

हृदय गोल का होतं?

अंतराळात मुक्काम लांबला की हृदय स्वतःच बदलू लागतं. १२ अंतराळवीरांच्या हृदयांची चित्रं घेऊन २०१४ साली शास्त्रज्ञांनी सांगितलं, की एरवी लांबट असणारं हृदय तिथे ९.४ टक्के जास्त गोल होतं. पाण्याने भरलेला फुगा टेबलावर ठेवला तर पसरट होतो आणि हातात लोंबता धरला तर लांबोळका, तसंच काहीसं. ओढ गेली की गोल! परतल्यावर ते पुन्हा पहिल्यासारखं होतं.

शिवाय ते लहानही होतं. चढ चढवायचा नाही, उभं राहायचं नाही, पावलं टाकायची नाहीत. मग एवढ्या जाड स्नायूचं करायचं काय? अमेरिकेचे स्कॉट केली २०१५-१६ मध्ये सलग ३४० दिवस अंतराळात राहिले. आठवड्यातले सहा दिवस ते नेमाने व्यायाम करत. तरीही त्यांच्या हृदयाचं वजन जवळपास पाव हिश्श्याने घटलं. पण घाबरू नका, त्यांचं हृदय कामात कुठे कमी पडलं नाही. जेवढं काम, तेवढाच पंप, असा साधा हिशेब शरीराने केला होता.

रक्तवाहिन्यांवरही खुणा उमटतात. सहा महिने राहून आलेल्यांच्या मानेतल्या रोहिणी पुष्कळ ताठर झालेल्या आढळल्या. आणि मानेतल्या नीलांचं तर वेगळंच. जमिनीवर डोक्यातलं रक्त उताराने खाली येतं. उतारच नसेल तर? २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ११ पैकी ६ अंतराळवीरांच्या मानेतल्या नीलेत रक्त थबकलेलं किंवा चक्क उलट्या दिशेने वाहताना दिसलं. एकाच्या नीलेत तर रक्ताची गुठळी सापडली. जवळपास दवाखाना नाही, शस्त्रक्रियेची सोय नाही. पृथ्वीवरच्या डॉक्टरांनी तिथे असलेलं रक्त पातळ ठेवणारं औषध दिवसाला किती टोचायचं ते ठरवून दिलं, पुढच्या मालवाहू यानाने गोळ्या पाठवल्या आणि तो अंतराळवीर सुखरूप परतला.

परतीचा दिवस

आता तो जुन्या घराचा प्रश्न. अंतराळात शरीराने रक्त कमी केलं, हृदय बारीक केलं, पायांच्या रक्तवाहिन्यांना आवळण्याची सवय राहिली नाही. आणि यान जमिनीला टेकताच पृथ्वी म्हणते, ‘या, आता उभे राहा!’

जून १९७० मध्ये ‘सोयुझ-९’ यानातून आंद्रियान निकोलायेव आणि विताली सेवास्त्यानोव जवळजवळ १८ दिवस राहून परतले. दोघंही कसलेले गडी. पण त्यांना यानातून उचलून बाहेर काढावं लागलं आणि नीट चालता यायला कित्येक दिवस लागले. सप्टेंबर २००६ मध्ये अमेरिकेच्या हायडमारी स्टेफनिशिन-पायपर यान उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी ह्यूस्टनच्या स्वागत समारंभात बोलायला उभ्या राहिल्या आणि बोलता बोलता त्यांचे पाय लटपटले. सहकाऱ्यांनी त्यांना सावरलं. प्रार्थनेच्या रांगेत मुलांना होतं तेच हे! त्यात कमीपणा कसला? दोन वर्षांनी, २००८ मध्ये, त्या पुन्हा अंतराळात जाऊन आल्या.

निकोलायेव यांच्या मोहिमेने रशियन डॉक्टरांचे डोळे उघडले. अंतराळवीराला वर आराम द्यायचा नाही, उलट काम द्यायचं, असं ठरलं. आज स्थानकावर प्रत्येकाला रोज सुमारे दोन तास व्यायाम करावा लागतो. खांद्याला लवचीक पट्टे बांधून, स्वतःला खाली ओढून धरत, फिरत्या पट्ट्यावर धावायचं. सायकल मारायची. वजनं बिनवजनाची झालेली, म्हणून हवेच्या जोरावर अडवणाऱ्या यंत्राशी झटायचं. रशियनांकडे एक अजब विजारही आहे. तिच्या आतली हवा थोडी शोषून घेतली की रक्त पायांकडे ओढलं जातं आणि परतीआधी हृदयाची रंगीत तालीम होते. तिचं नाव ‘चिबिस’. रशियन भाषेत चिबिस म्हणजे टिटवीच्या जातीचा पक्षी!

खाली उतरण्याआधी अंतराळवीर मिठाच्या गोळ्या घेऊन लिटरभर पाणी पितात, म्हणजे घटलेल्या रक्ताला तात्पुरता टेकू मिळतो. पायांना आणि पोटाला आवळणारा पोशाख चढवतात. याचं फळ दिसलं. व्हालेरी पोल्याकोव १९९४-९५ मध्ये सलग ४३७ दिवस अंतराळात राहिले आणि उतरल्यावर स्वतःच्या पायांनी चालत खुर्चीपर्यंत गेले!

तरी मोठा प्रश्न शिल्लकच आहे. मंगळावर जायला सात महिन्यांच्या आसपास लागतील. तिथे यान उतरेल तेव्हा आधाराला हात द्यायला कोण असणार? पहिल्याच तासात ज्याला चक्कर आली, तो यानाचा दरवाजा कसा उघडणार? पृथ्वीच्या मानाने मंगळाची ओढ ३८ टक्केच आहे, हा दिलासा खरा. पण ती माणसाच्या हृदयाला पुरेल की नाही, हे तिथे राहून आल्याशिवाय कळणार नाही. भारतही ‘गगनयान’ची तयारी करतो आहे. हे कोडं सोडवायला उद्या तुमच्यापैकीही कुणीतरी लागेल.

बिछान्यातलं अंतराळ

आता ही गोष्ट आई-बाबांनीही वाचावी.

अंतराळात न जाता वजनरहित अवस्थेचा अभ्यास करायचा, तर शास्त्रज्ञ काय करतात माहीत आहे? धडधाकट माणसांना आठवडेच्या आठवडे बिछान्यात झोपवून ठेवतात. डोक्याची बाजू सहा अंश खाली. जेवणखाण, वाचन, अंघोळसुद्धा आडव्यानेच! काही दिवसांत त्यांच्या शरीरात अंतराळवीरांसारखेच बदल दिसू लागतात.

१९६६ साली अमेरिकेतल्या डॅलसमध्ये विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे असं झोपवून ठेवलं होतं. त्यांची दमछाक न होता श्रम करण्याची ताकद पाव हिश्श्याहून जास्त घसरली. तीस वर्षांनी, पन्नाशीत पोचलेल्या त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा जे दिसलं त्याने सगळेच चकित झाले. तीस वर्षांच्या वयाने त्यांची जेवढी ताकद नेली नव्हती, तेवढी त्या तीन आठवड्यांच्या बिछान्याने नेली होती! पण चांगली बाजूही होती. १९६६ मध्ये बिछान्यातून उठल्यावर आठ आठवडे व्यायाम केला, तेव्हा गेलेली ताकद त्यांनी परत मिळवली होती.

म्हणूनच हल्ली ऑपरेशन झालं की डॉक्टर लवकरात लवकर रुग्णाला उठवून बसवतात, चार पावलं चालवतात. आपल्याला वाटतं, ‘बिचाऱ्या आजोबांना जरा पडू दे की!’ पण पडून राहणं हा दर वेळी आराम नसतो. आजारपणानंतर आजी-आजोबांना उठवताना एक करा. आधी कुशीवर वळवा. मग पाय खाली सोडून पलंगावर दोन मिनिटं बसू द्या आणि मगच धरून उभं करा. तेवढ्या वेळात मानेतले पहारेकरी जागे होतात. अंतराळवीरालाही परतल्यावर असंच हळूहळू उभं करतात. मात्र कुणाला वारंवार चक्कर येत असेल तर घरगुती उपायांवर न थांबता डॉक्टरांना दाखवा.

विहिरीवरून हंडा आणताना, शाळेचा चढ चढताना, खो-खो खेळताना आपण कुरकुरतो, ‘दमलो बुवा!’ पण त्या प्रत्येक चढाला तुमचं हृदय तालीम करत असतं. अंतराळवीराला त्यासाठी पट्टे बांधून घ्यावे लागतात. आपल्याला पृथ्वी ती तालीम रोज फुकट देते!

करून पाहा

१) एक हात खाली लोंबता सोडा आणि दुसरा डोक्यावर उंच धरा. एका मिनिटाने दोन्ही हातांच्या पाठी शेजारी शेजारी आणून पाहा. कोणत्या हाताच्या नीला फुगल्या? कोणता हात फिकट पडला?

२) पाच मिनिटं शांत पडून राहा. मनगटावर दोन बोटं ठेवून अर्ध्या मिनिटाचे ठोके मोजा आणि दुप्पट करा. आता उभे राहा आणि लगेच पुन्हा मोजा. किती वाढले? वाढलेले ते ठोके म्हणजे रक्ताला डोक्यापर्यंत चढवण्याची मजुरी!

३) सकाळी उठल्या उठल्या पोटरीभोवती सुतळी गुंडाळून शाईने खूण करा. दिवसभर हिंडून-फिरून झाल्यावर रात्री त्याच जागी पुन्हा मोजा. फरक दिसतो का?

४) पुढच्या झेंडावंदनाला सावधान उभं असताना बुटातल्या बुटात पायांची बोटं हलवत राहा आणि पोटऱ्या अधूनमधून आवळा. सरांना दिसणार नाही, पण तुमच्या मेंदूला रक्त मिळत राहील!